जावेला समोर बसवून दिलेली मुलाखत

पहिली नोकरी मला नुसतं दारात जाऊन उभं राहिल्यावर मिळाली होती. वडील मला गंजाडहून डहाणूच्या एका छोट्या प्रसूतिगृहात घेऊन गेले, मी पिशवीतून नर्सिंगचं सर्टिफिकेट काढलं, डॉक्टरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, उद्यापासून येशील का. तिथे अकरा वर्षं काढली. मग त्यांचीच परवानगी घेऊन दीड वर्षाचा नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स केला. साधं बाळंतपण पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायला त्यात शिकवतात, आणि कुठल्या बाईला वेळेत पुढे पाठवायचं तेही. परत आले तेव्हा डॉक्टर आनंदाने म्हणाले, ये कामावर. पण काम तेच होतं, सलाईन लावायचं नि केसपेपर भरायचे. त्यांच्याकडे माझ्या नव्या शिक्षणाला जागाच नव्हती, आणि हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

म्हणून ते काम करता करताच दुसरी नोकरी शोधायला लागले, तर सगळा शोध फोनमध्ये गेलेला. नोकरीच्या साइटवर शिक्षणाची यादी यायची, त्यातलं एक निवडायचं, आणि माझा कोर्स त्या यादीतच नव्हता. जवळचं म्हणून जनरल नर्सिंग निवडलं. मग रोज मेसेज यायचे, वापीला वॉर्डात ड्युटी आहे, सुरतला आयसीयूत आहे.

शेवटी माझ्या धाकट्या जावेने फोन हातात घेतला. ती बारावी झालेली, पदरात एक लहान मुलगी, तेव्हा दुसऱ्या वेळचा सातवा महिना चालू होता, आणि घरात फोनचं सगळं तिलाच कळायचं. तिने एआयला माझी माहिती सांगितली आणि मिनिटभरात दोन पानांचा बायोडेटा तयार झाला. त्यात मी एका मोठ्या पथकाचं नेतृत्व केलं होतं.

"ताई, कुठलं पथक?" तिने विचारलं.

मी आणि एक मावशी, एवढंच पथक होतं. ती वाक्यं आम्ही दोघींनी बसून एकेक काढून टाकली आणि त्या जागी मी खरोखर काय केलं ते लिहिलं. बाळंतिणीची भाषा कळते, मराठी, गुजराती आणि पाड्यावरची, हेही घातलं. दोन पानांचं एक पान झालं, पण त्यातल्या कुठल्याही ओळीबद्दल मला कोणीही विचारावं, असं ते होतं.

ते पान तलासरीकडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाला पोचलं. त्यांना बाळंतपणाच्या विभागासाठी नेमकी नर्स प्रॅक्टिशनर हवी होती. उत्तरात एक लिंक आली. मुलाखत रेकॉर्ड करून पाठवायची, समोर माणूस नाही. स्क्रीनवर प्रश्न येणार, अर्धा मिनिट विचार करायचा, दोन मिनिटांत बोलायचं, आणि दिलेलं उत्तर बदलता येणार नाही.

सरावाचा प्रश्न आला तेव्हा मला माझाच चेहरा दिसत राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. ज्या बाईने इतक्या बायकांना कळा सुरू असताना धीर दिला, ती एका फोनपुढे गप्प. मला स्वतःचाच राग आला. मग जावेला हाक मारली. तांदळाच्या डब्याला फोन टेकवला आणि त्याच्या मागे तिला खुर्चीवर बसवलं. म्हटलं, तू फक्त माझ्याकडे बघ, मी तुझ्याशी बोलते.

पहिले दोन प्रश्न छान गेले. तिसरा होता, बाईचा रक्तदाब वाढलाय, पायाला सूज आहे आणि ती मोठ्या रुग्णालयात जायला नकार देते, तर तिला कसं समजावाल? मी सांगू लागले. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, थांबलं तर तुला नि बाळाला कसला धोका आहे. जाऊ ऐकत होती, आणि ऐकता ऐकता ती मुलाखत आहे हे विसरलीच.

"पण मी गेले तर मोठीला कोण बघणार?" ती म्हणाली.

आवाज रेकॉर्ड झाला होता. मी थांबले नाही. "आधी ते ठरवू," मी म्हटलं, "तुझ्या आईला आत्ताच फोन लावू. ती हो म्हणाली की गाडी बोलावते, आणि गाडीत मी तुझ्याबरोबर बसते." तेवढ्यात दोन मिनिटं संपली.

जाऊ रडकुंडीला आली, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली म्हणाली. मी तिला सांगितलं की उत्तर चुकलेलं नाही, आणि मला तसं खरंच वाटत होतं.

चार दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. एक डॉक्टरबाई होत्या आणि एक भरतीचे साहेब. मध्येच कोण बोललं, असं बाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, मुलाखत एकट्याने द्यायची असते, नियमात लिहिलं आहे. ते मान्य केलं. मग बाईंनी विचारलं, "त्या बोलल्या नसत्या तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं?"

"पुस्तकातलं," मी म्हटलं. "ते दोन मिनिटांत पुरं झालं असतं. पण तेवढ्याने अडलेली बाई गाडीत बसत नाही."

त्यांनी तिथल्या तिथे आणखी तीन प्रश्न विचारले, अवघड होते, माझी उत्तरं बरोबर आली. आठवड्याने नेमणुकीचं पत्र ईमेलवर आलं. पदाच्या जागी नर्स प्रॅक्टिशनर असं पूर्ण लिहिलं होतं, ते मी सावकाश वाचलं.

डहाणूच्या डॉक्टरांना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, आता तुझ्या जागी कोण मिळणार, हल्ली दारात कोणी येतच नाही. मी त्यांच्या फोनवर जाहिरात भरायला बसले. काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. सर, काम जसं आहे तसं लिहू, मी म्हटलं, आणि तसंच लिहिलं, रविवारच्या ड्युटीसकट. नवरा घोलवडला कामाला असतो, त्याला सांगायला मी तिथे पोचेपर्यंत डॉक्टरांचा फोन आला. तीन अर्ज आले होते, त्यातला एक नंदुरबारच्या मुलीचा. तिला काय विचारू, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, आधी तिलाच विचारा, तुला माझ्याकडून काय जाणून घ्यायचंय.