मशीनजवळच्या चपला

कौशल्याबाईचे यजमान नत्थुजी गेले, पण ती रडली नाही. तेरवी आटोपली अन् ती परतवाड्याच्या दवाखान्यात पुन्हा कामावर आली. काम आयाचं. फडकं मारायचं, दुपटी बदलायची. हात चालत, जीव जाग्यावर नसे. लोक म्हणत, बाई दगडाची आहे. म्हणोत बापडे! तिला खरंच काही वाटत नव्हतं.

नत्थुजी तिथलेच वायरमन. त्यांच्या रबरी चपला बाळांना ऊब देणाऱ्या मशीनपाशी राहून गेल्या होत्या. मे लागला तसा मशीनला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. आता माणसानं मशीन बंद करावी की नाही? पण छे! जो तो नत्थुजींच्या चपला पायात सरकवायचा अन् मग हात लावायचा. नव्या सिस्टरलाही हेच शिकवत. कौशल्याबाईही तेच करी.

एका सकाळी जेबा या बाळंतिणीचं नाजूक लेकरू त्या मशीनमध्ये होतं. जेबानं अनवाणीच हात लावला अन् झटकन मागे घेतला.

"मावशी, करंट मारते!"

"चप्पल घालून लाव नं मंग," कौशल्याबाई सवयीनं बोलली.

"अन् माह्या लेकराच्या पायात कुठी हाये चप्पल?"

कौशल्याबाईनं हातातलं फडकं टाकलं. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन उपसली, लेकरू उचलून जेबाच्या छातीशी दिलं.

"डॉक्टरले इचारलं का?" शालू सिस्टर ओरडली.

"इचारीन मांगून!"

अन् तिला आठवलं. उन्हाळाभर नत्थुजी मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतत. काळी माती वाळून भेगाळली की मशीनमधून गळणारा करंट जमिनीत उतरत नाही, माणसाला धरतो. "लोकायले प्याले पानी नाही, तुमी मातीत काहून ओतून राहिले?" म्हणून तीच त्यांच्यावर खेकसायची. ते गेल्यापासून खड्ड्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. तिनं जाऊन पाहिलं, खड्डा ठणठण कोरडा. तिनं बादली भरून आणली अन् त्यात रिकामी केली. मातीनं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

दुपारी अय्युब मिस्त्री आला. त्यानं मशीनची फाटकी वायर बदलली, अर्थिंग तपासलं, मशीन चालू केली. "लावा हात, भाभी."

कौशल्याबाईनं अनवाणी उभं राहून हात टेकवला. काहीच लागलं नाही.

तिनं मशीनजवळच्या चपला उचलल्या. नत्थुजींच्या अंगठ्याची झीज तशीच होती.

"टाकलं हो पानी," ती चपलांना म्हणाली, अन् तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडली.