आजोबांनी धुतलेला दगड

आमच्या ह्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, जंतू मारले. इस्पितळाच्या तळघरात एक खोली, त्यात वाफेचं यंत्र. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे त्यात घालायचे, वेळ लावायची, काढून पिशवीत बंद करायचे. चौतीस वर्षांत एका कात्रीबद्दल तक्रार आली नाही, हे मला अजून जेवताना ऐकावं लागतं. तक्रार होती ती घरात, पण ती कोण ऐकतंय.

निवृत्त झाले आणि तो सगळा उत्साह आमच्या वाट्याला आला. दाराच्या कड्या स्पिरिटने पुसून झाल्या, टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये गेला. मुलगी आपल्या वर्षाच्या पोरीला घेऊन आठ दिवस राहायला आली, तर पोर पुढे रांगतेय आणि आजोबा मागून फडकं घेऊन तिची वाट पुसताहेत. दिवसभर हीच वरात. पोरीचे हात इतक्यांदा धुतले की ते लाल झाले आणि ती नळ दिसला तरी रडायला लागली. दुसऱ्याच दिवशी मुलगी बॅग भरून उभी.

"बाबा, मला हिला माणूस करायचंय, कात्री नाही," म्हणाली आणि गेली.

पाच महिने फिरकली नाही. फोन करायची, पण मला. चूक कबूल करणं ह्यांच्या रक्तात नाही. संध्याकाळी पेपरामागून तेवढं विचारायचे, फोन आला होता का, आणि मी हो म्हटलं की पान उलटायचे.

मग एके दिवशी जाहीर केलं की आपण घरात समुद्र करायचा. खाऱ्या पाण्याची टाकी, प्रवाळ, रंगीत मासे. नातीला मासे आवडतात, ती धावत येईल. शिवाय मासे काचेच्या आत, म्हणजे घाणीचा प्रश्नच नाही. माशांना आमिष लावतात हे मला माहीत होतं. माशांचंच आमिष लावणारा माणूस माझ्या नशिबी यायचा होता.

खिडकीजवळची माझी शिवणाची जागा समुद्राला गेली. चार फुटी टाकी आली, पंप आला, निळा दिवा आला, मिठाची बादली आली. ह्यांनी मीठ मापून पाण्यात कालवलं, अगदी औषध करावं तसं. मासेवाल्याने समुद्रातला एक भोकाभोकांचा मोठा दगड दिला, ओल्या कागदात गुंडाळून. दगड जिवंत आहे म्हणाला. घरी उघडला तर त्यावर बुळबुळीत थर, भोकातून एक किडा डोकावतोय, आणि वास असा की शेजारीण विचारून गेली. जंतू असे आपल्या पायांनी घरी चालत आल्यावर ह्यांना राहवतंय होय? तीन दिवस ब्लीचमध्ये बुडवला, माझ्या कपड्यांच्या ब्रशने घासला, गच्चीत उन्हात वाळवला. दातासारखा पांढरा झाला. मग टाकीत ठेवला आणि नारिंगी माशांची जोडी सोडली.

चौथ्या दिवशी जोडी पाण्यावर आडवी.

हे तावातावाने मासेवाल्याशी भांडायला निघाले. हा तमाशा चुकवायचा नाही म्हणून मीही गेले. त्या म्हाताऱ्या मासेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि दगड धुतला होता का, एवढंच विचारलं. ह्यांना वाटलं, कदर करणारा भेटला; सगळी पद्धत कौतुकाने सांगितली.

"साहेब, मी तुम्हाला जंतूच विकले होते," तो म्हणाला. "दगड फुकट होता."

माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष पचवणारे जंतू त्या दगडात राहत होते. ते मारले, मासे मेले. त्याने दुसरा दगड दिला आणि बजावलं, आता दीड महिना पाण्यात हात घालायचा नाही. काय उगवेल ते उगवू द्यायचं.

परतताना हे नवा दगड पोटाशी धरून चालत होते. मला हसू येत होतं आणि खरं सांगते, दयाही येत होती.

दीड महिना माझ्या घरात डबकं होतं. वाळूवर तपकिरी शेवाळ, काचेवर हिरवा बुरा. हे हात मागे बांधून समोर उभे, तोंडावर असा भाव की कुणी दाढ उपटतंय. एकदा बाही दुमडलेली मी पाहिली. मी खाकरले, तशी त्यांनी मुकाट्याने सोडली. मग शेवाळ आपोआप विरलं. गोगलगाई सोडल्या, नंतर मासे आणि प्रवाळाचा एक तुकडा. मासे जगले आणि प्रवाळ उमललं.

मी मुलीला कळवलं. ती म्हणाली, एक दिवस येते, आणि फडकं दिसलं की निघते.

आली. पोरगी आता चालत होती. हातात भिजलेलं बिस्कीट, ती थेट टाकीकडे. दोन्ही तळवे काचेवर, मग जीभही काचेवर. ह्यांचा हात खिशात गेला, रुमाल बाहेर आला. मुलगी उठली. मी म्हटलं, झालं, संपला समुद्र.

ह्यांनी रुमालाने स्वतःचा चष्मा पुसला. आणि खाली बसले, न पुसलेल्या फरशीवर, तिच्या शेजारी. तिने उरलेलं बिस्कीट त्यांच्या तोंडात कोंबलं. खाल्लं.

मुलगी चार दिवस राहिली.

ती गेल्यावर दुसऱ्या सकाळी मी आपली केर काढला आणि काच पुसली. चौतीस वर्षांची शिस्त, माझ्याही अंगात मुरलेली. हे येऊन टाकीसमोर वाकून काहीतरी शोधत राहिले.

"इथे तिचे हात होते," म्हणाले. "कुठे गेले?"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच मुलीला फोन लावला. म्हटलं, बाई, शनिवारी पोरीला घेऊन ये, आमची काच फार स्वच्छ झालीय.