येते आणि जाते

“वन्संना आज माजघरातच थांबवा, बैठकीत नकोत,” आई वडिलांना हळूच सांगत होती. मी पलीकडच्या खोलीत लुगड्याच्या निऱ्या सावरत होते. मला बघायला पनवेलचे पाहुणे यायचे होते, आणि आईला धास्ती पाहुण्यांची नव्हती, आत्याची होती.

सगळ्या कल्याणात आत्याइतकी धोक्याची बाई नव्हती, कारण ती प्रत्येक बोललेला शब्द खरा धरायची. निघताना आपण सगळे ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हणणं अशुभ. आत्या मात्र परत यायचं मनात असेल तरच ‘येते’ म्हणे. एका घरी सुनेला चारचौघांदेखत टाकून बोलले, तेव्हा ही उंबऱ्यावर शांतपणे “जाते” म्हणाली आणि त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. उलट आईच्या बाळंतपणात “रोज येते” म्हणाली, तर आषाढातल्या चिखलातून रोज आली. कोपरीच्या एक नातेवाईक बाई तिला “कधीही राहायला या हं” म्हणाल्या. आठवड्याने ही वळकटी घेऊन त्यांच्या दारात. बाईंचा चेहरा पाहून म्हणाली, “घाबरू नका, माझ्याच ऐकण्यात चूक झाली,” आणि त्याच वळकटीवर बसून, पाणी पिऊन परतली.

आता आत्या नाही. तरी कुणाच्याही घरून निघताना ‘येते’ म्हणायच्या आधी माझी जीभ अजून क्षणभर अडते.

तर त्या दिवशी. वडिलांची नोकरी ठाण्याला होती तेव्हा मी मडमेच्या शाळेत इंग्रजी शिकले होते. मुलाच्या आईला इंग्रजी शिकलेली सून नको होती, म्हणून आईने मध्यस्थाला सांगितलं होतं, मुलगी मराठी चार अक्षरं वाचते, एवढंच. मी आत्याला गाठलं. “तूच सांगून टाक ना त्यांना.”

“मी सांगितलं तर ती चहाडी होईल,” ती म्हणाली. “त्या घरात तुला राहायचंय, मला नाही. पहिल्याच दिवशी लपलीस तर जन्मभर लपावं लागेल, बाळ. तेव्हा मी नसेन.”

पाहुणे आले. मी पानसुपारीचं तबक ठेवून खाली मान घालून बसले. नाव विचारून झालं, स्वयंपाकाचं विचारून झालं. मग मुलाच्या आईने हसत विचारलं, “इंग्रजीबिंग्रजी येत नाही ना गं?”

“छे, तिला कुठलं येतंय,” आई माझ्याआधीच म्हणाली.

माजघराच्या दाराशी आत्या सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गप्प बसणं मला नेहमीच उत्तम जमायचं, आणि तेवढ्यावर लग्न ठरलंही असतं. मी मान वर केली.

“येतं,” मी म्हणाले. “वाचता येतं, लिहिता येतं. आणि लग्नानंतरही मी वाचणार आहे.”