कुंतीची दाट रांग

कुंतीच्या फुलांचा वास सगळ्यांना आवडतो. मला मात्र कर्वेनगरातली ती बाग आठवते. एका वयस्कर गायिकेला रियाजासाठी घरामागच्या बागेत उघड्यावर बैठक हवी होती आणि काम माझ्याकडे आलं होतं. तिचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो, आईचं गाणं आता ऐकवत नाही. ओटा पार मागच्या भिंतीपाशी घ्या, मध्ये दाट झाडी लावा." मी शहाबादी फरशीचा देखणा ओटा बांधला. माळी मध्ये कुंती लावत होता, तेव्हा बाई ओट्यावर मांडी घालून बसल्या, गार फरशीवरून हात फिरवत म्हणाल्या, "इथून घरात ऐकू जाईल ना हो? नातीच्या कानावर सूर पडायला हवेत." "जाईल की," मी म्हटलं, आणि रोपं आणखी जवळजवळ लावायला माळ्याला खुणावलं.