भिंतीपलीकडची वार

ऑकलंडहून निघतानाच आम्ही ठरवलं होतं, धवला घेतल्याशिवाय परतायचं नाही. धवला म्हणजे आगरी लग्नात गातात ते गाणं. आम्ही म्हणजे मी आणि सीना. सीना सामोआ बेटांवरच्या घरातली, पण जन्मली-वाढली ऑकलंडमध्ये. ती गाते, मी लघुपट करते. घर सोडून आलेल्या माणसांवरचा आमचा लघुपट जवळपास तयार होता. त्यात तिच्या आईचं गाणं होतं, माझ्या मुलखातलं एकही नव्हतं आणि नेमका तिथेच तो लंगडत होता. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिही म्हणणाऱ्या तुम्हा मंडळींना वाटतं, मी माहेरपणाला गेले होते. साफ चूक.

टॅक्सी ऐरोलीच्या पुलावर आली तेव्हा सीनाने काच खाली केली. खाली खाडी, तिवरं, ओहोटीचा चिखल. "घरासारखा वास येतोय," ती म्हणाली. मी ऐरोलीतच वाढूनही मला तो कधी घरचा वाटला नव्हता. आम्ही सोसायटीतली मुलं. कुणी "गाव कुठलं?" विचारलं की "सातारा" म्हणून मोकळं व्हायचं. साताऱ्याला आम्ही सुटीपुरते जायचो.

आईने अळूचं फदफदं केलं होतं. ते पाहून सीना ओरडलीच, "पालुसामी!" (नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं.)

आई खूश. "बघ, हिला कळतं. तू नाक मुरडायचीस," म्हणत तिने पाहुणीसमोरच माझं माप काढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नावड्याला निघालो. तिथल्या जनाकाकी धवलारीण, म्हणजे धवले गाणाऱ्या. तळोज्याच्या कंपन्या लागल्या तसा आंबूस, घसा खवखवणारा वास रिक्षात शिरला. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, गाव की कॉलनी? दोन्ही नावडेच हाय." मी ठसक्यात "कॉलनी" म्हटलं आणि भर उन्हात इमारती शोधत फिरलो. काकींचं घर गावात, कंपनीच्या भिंतीला जवळजवळ टेकून होतं.

काकी ओटीवर सुकट (सुकवलेली कोळंबी) निवडत होत्या. पहिलाच प्रश्न, "लगीन कोनाचा हाय?"

"कुणाचं नाही, काकी. फिल्मसाठी हवंय."

"मंग नाय. मांडव नाय, नवरी नाय, न धवला कोनाला गाऊ?"

मी खूप विनवलं. त्यांनी चहा दिला, गाणं दिलं नाही. मला रडूच यायला लागलं. एवढ्या लांबून काय चहा प्यायला आलो होतो? सीनाने मात्र पिशवीतून युकुलेले (चार तारांची छोटी गिटार) काढलं आणि आपल्या आईचं गाणं म्हणायला सुरुवात केली.

काकींचा हात सुपातच थांबला. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हिची वार कुठं गो?"

मी सीनाला जन्माचा वार विचारला आणि काकींना सांगितलं, "शनिवार."

काकी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "अगो बाय, तो वार नाय! पोर झाल्यावर मागून पडते ती वार. ती कुठं पुरली हिची? वार पुरली तो आपला गाव."

मी लाजत भाषांतर केलं. सीना हसली नाही. "आमच्यात जमिनीला फानुआ म्हणतात," ती म्हणाली, "आणि वारेलाही फानुआच. माझी बाबांनी भाड्याच्या घरामागे लिंबोणीखाली पुरली होती. ते घर पाडलं. आता तिथे गाड्या लागतात."

मी ते मराठीत सांगितलं तसं काकींनी सूप बाजूला सारलं आणि भिंतीकडे बोट केलं. "माजी त्या पल्याड. आमची शेती होती तिथं." मग पदर खोचत उठल्या. "धवला नाय देनार. पाचवीचा गाना देते. त्याला मांडव नको."

पाचवी म्हणजे बाळाची पाचवी रात्र. भिंतीकडे तोंड करून काकी गाऊ लागल्या, मी कॅमेरा सुरू केला. दुसऱ्या कडव्याला कंपनीचा भोंगा वाजला. मी हातानेच "थांबा" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज चढवला, भोंगा संपेपर्यंत खाली आणला नाही. सीना हळूच तारा छेडत त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, हे पुन्हा मागायचं नाही. भोंग्यासकट हेच घ्यायचं.

निघायच्या दिवशी आईला विचारलं, "माझी वार कुठे आहे गं?"

"इथल्याच दवाखान्यात झालीस तू. टाकली असेल त्यांनी कुठेतरी. हे काय विचारणं झालं?" आई माझ्या बॅगेत मसाला कोंबत म्हणाली. मला वाईट वाटलं. पण "इथल्याच" हा शब्द मी बरोबर घेऊन विमानात बसले.

ऑकलंडला लघुपट दाखवला, भोंग्यासकट. संपल्यावर मंडळातले एक काका पुढे आले. "छान हो! गाव कुठलं तुमचं?"

"ऐरोली."

"ते झालं राहण्याचं. मूळ गाव?"

"मूळच ऐरोली, काका," मी म्हटलं. "माझी वार तिथे आहे."