गंज अडवणारं मलम

ते प्रकरण अजून मनातून उतरत नाही. यंदा पत्नी गेली. तिचं कपाट आवरताना सुरकुत्यांवरच्या क्रीमची अर्धी बाटली हाती आली. लेबलवर 'अँटिऑक्सिडंट' असा शब्द होता. तो मी पहिल्यांदा वाचला होता लालबागला, फौजदार असताना, पोलीस ठाण्याच्या टेबलावर.

गिरणी संपाला बरीच वर्षं लोटली होती. एका सकाळी चाळीतली मालवणी बाई नवऱ्याला हाताला धरून ठाण्यात आली. नवरा विणकर, उमेदीची सगळी वर्षं गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला. त्याचा चेहरा सोलल्यासारखा लाल झाला होता.

"सायबानू, ह्येंका इचारा, तोंडाक काय फासल्यानी ता!"

"गप गो," तो पुटपुटला. मग जबाब दिला. परळच्या एका कचेरीत वॉचमनची भरती होती. तिथला मालक म्हणाला, 'काका, चेहरा साठीचा दिसतो. ही मलमाची डबी विकत घ्या, महिनाभर लावा, मग या.' डबीवर छापलं होतं: जीवनसत्त्व क आणि ई, अँटिऑक्सिडंट.

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?" मी विचारलं.

"तो म्हणाला, त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ गंज अडवायचं औषध. साचा बंद राहिला की गंजतोच, साहेब. मी पण बंदच होतो की."

आमच्या पिकल्या मिशीच्या हवालदारांना साध्या वेषात पाठवलं. डबी घेऊन आले ते धुमसत. "साहेब, मला म्हणतो, आजोबा, तुम्हाला दोन डब्या लागतील!"

छापा घातला, माल सील केला. मालक मात्र शांत. "जबरदस्ती केली का कोणावर? व्हिटॅमिन आहे, साहेब." प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता.

तेवढ्यात ती बाई पुन्हा आली. नवऱ्याला मलम तीच चोळायची. तिच्या बोटातली सोन्याची अंगठी पांढरी पडली होती. मी ती मालकासमोर ठेवली. "व्हिटॅमिनने सोनं पांढरं होतं?"

त्याने पाणी मागितलं आणि कबूल केलं. स्वस्त स्नो क्रीममध्ये तो पाऱ्याच्या क्षाराची पूड कालवत होता; पारा लागला की सोनं पांढरं पडतं. आणि वॉचमनची नोकरी? एकही नव्हती.

शिक्षा झाली, किरकोळ. पारा मिसळल्याबद्दल कलम होतं; काम हिरावलं गेलेल्या माणसाला 'दोष तुझ्या तोंडात आहे' असं पटवल्याबद्दल नव्हतं. तो संताप आजही निवलेला नाही.

त्यानंतर फसवणुकीच्या प्रत्येक तक्रारदाराला मी आधी एकच विचारत आलो: माल दाखवण्यापूर्वी त्याने तुमच्याबद्दल तुम्हाला काय सांगितलं?

बाटली मी टाकलेली नाही. तोच प्रश्न घरात, तिला, विचारायचा राहून गेला.