लेकीच्या गाडीतला डबा

गॅरेजात त्याला सगळे बदलीमास्तर म्हणत. गाडीतला कुठला भाग बिघडलाय हे कळेना, की तसल्याच दुसऱ्या गाडीतला चांगला भाग काढायचा आणि लावून बघायचा. गाडी चालली तर दोष सापडला. तीस वर्षं याच रीतीवर त्याचं पोट भरलं होतं. आधी मीटर लावून करंट मोजणाऱ्यांना बघून तो नाक मुरडायचा.

त्या रविवारी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत दिवे, कुलपं, इंजिन, कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. या सगळ्यांचं आपापसातलं बोलणं ज्या डब्यातून चालतं, तो कम्युनिकेशन मॉड्युल गेला असणार, हे मास्तरने लगेच ताडलं. आणि अगदी तसलीच गाडी घरासमोर उभी होती, लेकीची.

लेकीचे पाय लहानपणापासून निकामी. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालतील असे त्यानेच बसवून दिले होते. गेली आठ वर्षं ती एकटी नोकरीला जात होती. कुणी उचलून नेलेलं तिला मुळीच खपत नसे.

ती झोपली होती. दहा मिनिटांचं तर काम, असं म्हणत त्याने डबा काढला.

तो लावताच गिऱ्हाइकाची गाडी झटक्यात सुरू झाली. मास्तरने ऐटीत आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी टाळीही दिली. दोनच मिनिटांत जळका वास आला. त्या गाडीचा वीज बनवणारा अल्टरनेटर भलताच करंट सोडत होता. त्यानेच पहिला डबा जाळला होता आणि आता दुसराही. मीटर लावला असता तर मिनिटभरात कळलं असतं. मीटर खिशातच होता.

ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. रात्रीपर्यंत त्याने सगळे भंगारवाले पालथे घातले, जुन्या ओळखीच्यांचे पाय धरले. शेवटी हात टेकले. आपण लेकीची गाडी नाही, तिचं आयुष्यच बंद पाडलं, असं त्याला वाटत राहिलं. ते खोटंही नव्हतं.

सोमवारी टॅक्सी दाराशी आली. तिची सीट उंच होती, लेकीला चाकांच्या खुर्चीतून एकटीने चढता येईना.

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलंत ना?"

तो खाली वाकला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. आठ वर्षांनी त्याने लेकीला उचललं.